एकजीव कट

दोन हजार बावीस साल. आदल्या वर्षीच्या महापुराची रेघ कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या भिंतींवर अजून दिसत होती, तेव्हाची ही गोष्ट. चंदनाबाई घरी मिसळीचा कट करून विकत. कांदा नाही, लसूण नाही, तरी खाणाऱ्याने डोळे पुसत दुसरी वाटी मागावी असा. पण पेठेत त्याचं नाव 'जिनपालशेठच्या घरचा कट'. मिरच्या भाजताना ठसका लागायचा तो बाईंना आणि नाव व्हायचं नवऱ्याचं. एकदा तरी आपलं नाव पाटीवर बघावं, एवढीच त्यांची इच्छा.

त्या दिवशी योग जुळून आला होता. मिसळवाले उदयसिंह बायकोला घेऊन चव बघायला येणार होते. पसंत पडलं तर कट त्यांच्या हॉटेलात जाणार आणि पाटीवर नाव चंदनाबाईंचं लागणार. जैनाचं घर, त्यामुळे खाणंपिणं दिवस मावळायच्या आत उरकायचं.

मुलगा वृषभ खाद्यतंत्रज्ञान शिकून कागलच्या एमआयडीसीत एका सॉसच्या कारखान्यात लागला होता. त्याने पातेल्यात डोकावून कपाळाला हात लावला.

"आई, तेल वर आलंय! आमच्यात असला माल फेकून देतात."

"अरे, तर्री हाय ती. वर यायलाच पायजे."

"अडाणीपणा हाय त्यो. तेल आन् पाणी एकजीव झालं पायजे."

बाई साडी बदलायला आत गेल्या. तेवढ्यात वृषभने कारखान्यातून आणलेली, तेल-पाणी एकजीव करणाऱ्या पावडरीची पुडी कटात रिकामी केली आणि विजेची रवी फिरवली. बाई येऊन बघतात तो लालभडक कट गुलाबी, गुळगुळीत झालेला, लहान बाळाच्या औषधासारखा.

"आता सा म्हैनं तेल वेगळं व्हनार न्हाय," वृषभ छाती फुगवून म्हणाला.

"मुडद्या, मला ते आत्ता वेगळं पायजे!"

दुसरा कट करायला वेळ नव्हता, ऊन भिंतीवर चढलं होतं. बाईंनी तिखट टाकून तेल तापवलं आणि वर ओतलं. लाल तवंग आला तसा त्यांचा जीव भांड्यात पडला. पण कडेला थोडा फेस होता. तो मोडावा म्हणून वृषभने परत रवी फिरवली. तवंग गडप, फेस दुप्पट! बाईंनी पुन्हा तेल ओतलं. आता जिनपालशेठ मदतीला धावले.

"फेस हाय की गं अजून," म्हणत त्यांनीही रवी घातली. कट सगळं तेल पिऊन बसला. बरणीत थेंब उरला नाही, आणि दारात पाहुणे.

उदयसिंहांनी वाटीत बघितलं. "वैनी, भांड्याला साबण ऱ्हायला का काय? तर्री कुठं हाय?"

त्यांच्या बायकोचा, संयोगिताबाईंचा चेहरा मात्र खुलला. "तेल दिसत न्हाय की! डॉक्टरांनी काय सांगितलंय? हेच खावा."

उदयसिंहांनी नाक मुरडून पाव बुडवला. मग दुसरा. मग वाटीच तोंडाला लावली.

"वैनी, बिनतेलाचं असून तेलात पवल्यागत लागतंय! उद्याच पाटी रंगवतो. 'चंदनावैनींचा बिनतेलाचा कट'!"

चंदनाबाईंना पाटी डोळ्यांसमोर दिसली. अक्षरं पिवळी, खाली लाल रेघ. उदयसिंहांनी वाटी पुढे केली, "वाढा अजून." पाठीमागून वृषभ 'गप' म्हणून खुणा करत होता. जिनपालशेठ उगीच खाकरले.

"भावजी, थांबा," बाई म्हणाल्या. "ह्यात बरणीभर तेल हाय. आमच्या लेकानं ते लपवलंय नुस्तं."

संयोगिताबाईंनी वाटी हिसकावून घेतली. उदयसिंह रडवेले झाले. "वैनी, देवमाणूस हायसा. पर वाटी संपल्यावर बोलायचं की वो!"

पाटी काही रंगली नाही. उदयसिंह आता घरी उकडलेला दुधी खातात आणि हॉटेलात जायला त्यांना बायकोची परवानगी लागते. त्यांच्या हॉटेलात मात्र कागलच्या कारखान्यातून वृषभचा एकजीव कट येतो, कारण घरपोच पाठवताना डब्यातून तेल गळत नाही. गिऱ्हाइकं 'तर्री कुठं हाय?' म्हणून भांडायला लागली, तेव्हा डब्यासोबत तेलाची वेगळी पुडी द्यायची ठरली. या शोधाबद्दल वृषभला बढती मिळाली. कल्पना आपलीच होती, असं जिनपालशेठ सांगत फिरतात.

चंदनाबाईंचं नाव लागलं, त्या बोटभर पुडीवर. 'चंदनाबाईंची अस्सल तर्री'. पुडी फोडताना ती नेमकी नावावरूनच फाटते.