नारिंगी फितीचा गोल्डनरॉड

या वर्षी दुर्मीळ फूल शोधून मेहुणीची खोड मोडायचीच, असा लायमनने विडा उचलला होता!

सप्टेंबरात अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये पिवळ्या तुऱ्यांचा गोल्डनरॉड कुठे नसतो? कुंपणाला, खड्ड्यात, मोडक्या ट्रॅक्टरखालीसुद्धा. पण ओढ्याकाठचा हा एकुलता एक ताटवा वेगळा होता. दुर्मीळ जातीचा! लायमनने शेंडे खुडून हॅटीपुढे धरले. हॅटी म्हणजे बायकोची थोरली बहीण आणि गावच्या रानफूल मंडळाची सर्वेसर्वा.

"शेंड्यावरून जात कळते होय? टोपी बघून माणसाचं वय सांगशील का?" हॅटी भिंग पुसत म्हणाली. "बुडाची पानं लागतात. अख्खं रोप आण!"

"दुर्मीळ रोप कापू? मी काय कसाई आहे?"

"मग रविवारी मीच येते बघायला. तोवर सांभाळ."

सांभाळायचं म्हणून लायमनने प्रत्येक देठाला नारिंगी फीत बांधली. लांबून दिसावी अशी, चांगली झगझगीत! घरी येऊन तो निर्धास्त झोपला.

रविवारी सकाळी जाऊन बघतो तर ओढ्याकाठ सफाचट! शेजारचा ऑर्व्हिल विळा पुसत उभा.

"काय केलंस हे, ऑर्व्हिल?"

"आभार नकोत रे! फिती दिसल्या, घेतलं कापून."

"फिती म्हणजे हात लावू नका!"

"कधीपासून? गेल्या हिवाळ्यात तुझ्या मेपलच्या झाडांना फिती तूच बांधल्यास ना? मीच तोडली की ती!"

या भागात नारिंगी फीत म्हणजे तोडायचं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आपलीच अक्कल कुठे चरायला गेली होती, या विचाराने लायमनचा जीव नुसता जळत होता.

"आणि कापलेलं कुठे टाकलंस?"

"टाकतोय कशाला? बुडापासून छान निघालं. हॅटीबाईंना नेऊन दिलं."

लायमन धावत सुटला. हॅटीच्या टेबलावर ॲपल पाय, त्यावर चीज, आणि शेजारी बरणीत अख्खा ताटवा. फितींसकट! हॅटी भिंगाला डोळा लावून बसली होती.

"दुर्मीळच आहे!" ती ओरडली. "उद्या मंडळात जाहीर करते, ऑर्व्हिलला सापडलं म्हणून."

"ऑर्व्हिलला? अगं, मी दाखवलं होतं तुला!"

"तू शेंडे दाखवलेस. अख्खं रोप आणायची अक्कल त्यालाच सुचली."

इतक्यात मागून ऑर्व्हिल आला. ॲपल पायचा मोठा तुकडा उचलून त्याने लायमनच्या पाठीवर थाप मारली.

"मुळं शाबूत आहेत, पुन्हा फुटेल. फक्त पुढच्या वर्षी फिती जरा लवकर बांध हं, कापायला मीच येतो!"