ओलं झालेलं रीळ

वापरल्याने वस्तू झिजते, ही गोष्ट आता वादापलीकडे गेली आहे. म्हणूनच सुसंस्कृत समाज वस्तू वापरत नाही, जपतो. याच तत्त्वावर दिल्ली परिसरातल्या मराठी मंडळींनी 'पुरातन मत्स्यरीळ संवर्धन मंडळ' काढलं. मत्स्यरीळ म्हणजे गळाच्या काठीला लावायची, दोरी गुंडाळायची चरखी. (आधी आम्ही नावात 'रील' लिहीत होतो. तेव्हा लोकांनी नाचाचे सतरा व्हिडिओ पाठवले. त्यातले दोन चांगले होते.) मी मंडळाचा कार्यवाह. सभासद तेवीस, रिळं तीनशे चार, आजवर पकडलेले मासे शून्य. हे शून्य टिकवायला फार मेहनत लागते.

मंडळाचं भूषण म्हणजे सूर्यकांत रामटेके. केंद्र सरकारात अवर सचिव, राहायला लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये. दिवाणखान्यात काचेचं कपाट, आत एक्केचाळीस रिळं. सर्वांत वर, 'कोरं' या वर्गात, एक पितळी रीळ. ते त्यांच्या वडिलांचं. रावसाहेब रामटेके भंडाऱ्याकडे पोस्टमास्तर होते आणि चाळीस वर्षं दर रविवारी त्याच रिळावर गावच्या तलावातून घरापुरता मासा आणत. (मग ते 'कोरं' कसं, असं एका सभासदाने विचारलं होतं. ते आता सभासद नाहीत.) अकरा वर्षांपूर्वी सूर्यकांतांनी ते जतनासाठी दिल्लीला आणलं. गेल्या वर्षी आई वारल्या, तेव्हा वडिलांनाही आणलं.

रावसाहेबांची व्यवस्था चोख होती. स्वतंत्र खोली, हवा शुद्ध करणारं यंत्र, वेळच्या वेळी गोळ्या. बाहेरची हवा वाईट म्हणून खाली उतरायचं नाही. तिसऱ्या महिन्यात ते म्हणाले, "सूर्या, ते रीळ दे ना जरा. कुठं पाणी असंल तर बसतो घटकाभर."

"बाबा, असं देता येत नाही. प्रोसिजर आहे."

"काहून? माझंच आहे ना ते?"

"होतं," सूर्यकांत म्हणाले.

रावसाहेबांनी रीतसर अर्ज केला, दोन प्रतींत. 'प्रयोजन' या रकान्यात त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: मासे धरणे. मंडळाच्या इतिहासात हे प्रयोजन प्रथमच आलं होतं. तीन बैठका घेऊन आम्ही अर्ज फेटाळला. कारण, अर्जदाराचा रिळाशी जुना संबंध असल्याने तो निःपक्षपातीपणे वापरू शकत नाही. रावसाहेबांनी पत्र वाचलं, घडी घातली आणि चष्म्याच्या घरात ठेवलं.

पुढच्या रविवारी मुनिरकाला आमची वार्षिक सभा होती. सूर्यकांत तिथे 'धातूवर पाण्याचे दुष्परिणाम' या विषयावर दीड तास बोलले. त्याच वेळी त्यांच्या पत्नी प्रभाताई यांनी (अकरा वर्षं त्या कपाटाची काच त्याच पुसतात) कपाट उघडलं, डब्यात गळाला लावायला कणकेच्या गोळ्या घेतल्या आणि म्हणाल्या, "चलो बाबा." मानेसरच्या पुढे एक खाजगी तळं आहे, तिथे गळ टाकू देतात. रीळ घट्ट बसलं होतं. रावसाहेबांनी त्यात शिलाई मशीनचं तेल सोडलं.

पुढचं प्रभाताईंच्या लेखी निवेदनातून: "तासभर काहीच नव्हतं. मग एकदम रीळ ट्रर्र वाजलं आणि बाबा उभेच राहिले. सासूबाई गेल्यापासून त्यांना इतकं झटकन उठताना मी पाहिलं नव्हतं." (विषयाशी संबंध नसल्याने चौकशी समितीने हा भाग वगळला.)

संध्याकाळी सूर्यकांत घरी आले. रिळावर चिखल, फटीत एक खवला. ते खुर्चीत बसलेच. "ओलं केलंत तुम्ही!"

"रीळ आहे ते, सूर्या. लोणचं नाही."

आमची तिघांची चौकशी समिती लगेच पोहोचली. पुरावा अडीच किलोचा रोहू होता आणि तो तळून झाला होता. नाइलाजाने समितीने तो तसाच तपासला. भात दोनदा मागवावा लागला. निष्कर्ष एकमताने निघाला: रीळ 'कोरं' वर्गातून 'बाधित' वर्गात.

सूर्यकांत मात्र दुसऱ्या घासाला थांबले होते. हळूच म्हणाले, "बाबा, दोरी नेमकी सोडायची कशी असते?" एक्केचाळीस रिळांच्या मालकाने चारचौघांत असा प्रश्न विचारावा, हे मला आवडलं नाही. पण म्हाताऱ्याचा चेहरा उजळला.

"उद्या चाल. दाखवतो."

"उद्या मीटिंग आहे."

"मग परवा?"

"परवा रिव्ह्यू. पुढच्या आठवड्यात बघू बाबा, बिल्कुल बघू."

पुढच्या आठवड्यात रावसाहेब भंडाऱ्याला निघून गेले. प्रभाताईंनी स्टेशनवर सोडलं. कापडी पिशवीत रीळ होतं. कपाटातल्या रिकाम्या जागी पोस्टमास्तरी अक्षरात चिठ्ठी होती: 'वापरात आहे.' आता सूर्यकांत त्या चिठ्ठीला कोणाला हात लावू देत नाहीत. आम्ही तिची 'कोरं' वर्गात नोंद केली आहे.

या प्रकरणातून मंडळाच्या कामातली एक त्रुटी लक्षात आली. त्या दिवशी एका घरातून दोन जुन्या गोष्टी गेल्या, पण नोंद एकीचीच होती. म्हणून आता आम्ही आईवडिलांचीही नोंदणी सुरू केली आहे. अटी सोप्या आहेत: गावाहून आणलेले असावेत, धुळीपासून दूर ठेवलेले असावेत आणि काही कामाला लावलेले नसावेत. अकरा सभासदांनी पहिल्याच दिवशी फॉर्म भरले.

वाचकांनाही भाग घेता येईल. तुम्ही इथवर निवांत वाचत आलात, त्या अर्थी आतल्या खोलीतून तुम्हाला कोणी हाक मारलेली नाही, किंवा मारली असेल तर ऐकू आलेली नाही. दोन्ही परिस्थितींत तुम्ही पात्र आहात.