पेशीचं फिनिशिंग

शेजारच्या आण्णाप्पाला मी रोज सांगतो, "माझ्या मागावरच्या साडीला एक सुटा धागा दाव आन् साडी फुकट घेऊन जा!" अख्ख्या वडगावात एवढी साफ साडी कुणाची उतरत नाही. आता अशा माणसाच्या घरात लेकीनं कॉलेजचं मॉडेल ठेवलं, तर काय होणार?

मॉडेल म्हणजे उशीएवढे दोन कापडी गोळे. ऋतिका म्हणाली, "आप्पा, ह्या पेशी हाईत. माझं वर्षाचं मार्क ह्याच्यावर! हात लावायचं न्हाय!"

मी हात लावला नाही. कात्री लावली.

काय करू? दोन्ही गोळ्यांवर ही लांब लांब धाग्यांची टोकं लोंबत होती, वर एकमेकांत अडकलेली! दहा मिनिटांत सगळी उडवली. गोळे असे गुळगुळीत झाले की मीच खूश. ऋतिकानं बघायच्या आत खोक्यात भरले आणि स्कूटरवरून तिच्याबरोबर कॉलेजात पोचवले.

परीक्षक नागेंद्र सरांसमोर तिनं खोकं उघडलं. एक गोळा घरंगळत थेट सरांच्या खुर्चीखाली!

"आप्पा! टोकं कुठं गेली?"

"फिनिशिंग केलं की!"

"अवो, ती एन्झाईम हुती! पेशीच्या अंगावर बसून बाहेरच्या प्रथिनांची कापाकापी करायची, शेजारच्या पेशीला धरून ठेवायची, आन् बाहेरचा निरोप आत बी द्यायची! टोक ओढलं की आतला दिवा लागत हुता, आप्पा!"

तिचे डोळे भरून आले. मला तर बॉबिनमध्ये शिरून बसावंसं वाटलं.

सर खुर्चीखाली वाकूनच म्हणाले, "बरं, पेशीवर ही एन्झाईम नसतील तर काय होईल?"

ऋतिकानं नाक पुसलं आणि गोळ्याकडे बोट दाखवलं. "हे असं हुतंय, सर. शेजाऱ्याला धरत न्हाय. आत दिवा बी लागत न्हाय."

"हा प्रयोग कुणी केला?"

तिनं माझ्याकडे बोट दाखवलं!

सर पोट धरून हसले. मार्क पैकीच्या पैकी! मी घरी येईपर्यंत छाती काढून स्कूटर चालवली.

परवा मागावरून साडी उतरली, तर उलट बाजूला एक धागा लोंबत होता. कात्री उचलली आणि खाली ठेवली. म्हटलं, असू दे, बिचारा कुणाचा तरी निरोप आत पोचवत असेल!

तेवढ्यात आण्णाप्पा आला. धागा दाखवला, आणि साडी फुकट घेऊन गेला.