शेफच्या खालोखाल

हॉटेलचं पत्र बुधवारी दुपारी दोन वाजता पितों गावात देवराजच्या घरी पोचलं आणि संध्याकाळी पाचपर्यंत ते सात जणांनी पाहिलं. सातांपैकी चौघांना फ्रेंच वाचता येत नव्हतं. त्यांनी कागदाची जाडी बोटांनी तपासून मत दिलं, आणि ते मत अनुकूल होतं.

साल १९७८. मॉरिशसच्या उत्तर किनाऱ्यावर एक नवं हॉटेल उघडणार होतं आणि सर्व विभागांत माणसं हवी असल्याची जाहिरात पेपरात आली होती. देवराज जवळच्या रिव्हिएर दू रांपार गावातल्या एका सरकारी कचेरीत कारकून होता. खिडकीत बसून परवान्यांचे अर्ज घ्यायचे, तपासायचे आणि शिक्का मारायचा, हे काम तो अकरा वर्षं करत होता. हॉटेलने त्याला ‘सू-शेफ’ ही जागा देऊ केली होती.

मॉरिशसमध्ये साहेबाला शेफ म्हणतात. कचेरीत शेफ असतो, पोलीस ठाण्यात शेफ असतो, बसच्या डेपोतही असतो. ‘सू’ म्हणजे खाली. तेव्हा सू-शेफ म्हणजे शेफच्या थेट खालचा माणूस, यात घरातल्या कुणालाच शंका वाटली नाही. आपल्या कचेरीत देवराजही शेफच्या खालीच होता, पण मध्ये आणखी चार जण होते आणि चौघांचीही तब्येत उत्तम होती.

या प्रकरणात कुणीही खोटं बोललं नाही, हे आधीच नोंदवायला हवं. देवराजने अर्जात लिहिलेला शब्द न् शब्द खरा होता. त्याने लिहिलं होतं: ‘एकाच शेफच्या हाताखाली मी अकरा वर्षं काढली आहेत. रोज सुमारे दोनशे माणसांना मी एकटा सर्व्ह करतो, शनिवारी एकशेवीस. आलेला माल त्याच दिवशी निकालात काढतो, दुसऱ्या दिवसासाठी शिळं काही ठेवत नाही. माझे हात स्वच्छ आहेत.’

मुलाखत चार मिनिटं चालली. मॅनेजर फ्रान्सहून आलेला होता आणि घाईत होता.

“गर्दीच्या वेळी काय करता?” त्याने विचारलं.

“मान खाली घालून हात चालवतो,” देवराज म्हणाला.

“शेफचा स्वभाव?”

“तापट आहेत. चिडले की हाताशी असेल ते फेकतात.”

“मग?”

“मी झेलतो आणि जागेवर ठेवतो.”

मॅनेजरने शेजारच्या माणसाकडे पाहिलं. त्या माणसाने मान हलवली. मुलाखत संपली.

बुधवारी संध्याकाळी पत्रावर विचार करायला बाबूराव मामांना बोलावण्यात आलं. मामा रेल्वेत होते. मॉरिशसची आगगाडी बंद होऊन चौदा वर्षं झाली होती, मामांचं पेन्शन मात्र चालू होतं. त्यामुळे नोकरीच्या बाबतीत घरात त्यांचा शब्द शेवटचा असे.

“नवी नोकरी धरायच्या आधी सगळं बघून घ्यायचं,” मामा आरामखुर्चीत बसत म्हणाले. “माणूस पगार बघतो आनी फसतो. पेन्शन हाय?”

“हाय, मामा. दुसऱ्या पानावर.”

“बस?”

“हॉटेलचीच. दुकानाच्या कोपऱ्यावर थांबंल.”

“गणेशचतुर्थीला सुट्टी?”

“ते लिहिलं नाय.”

“विचारून घे. आमी तर गाडी लेट करून गणपती बुडवलाय. स्टेशनमास्तर पन पाण्यात होता. जेवान?”

“फुकट. दोन टायमाचं.”

रेल्वेने मामांना कधी जेवण दिलं नव्हतं. “खुर्ची कसली देनार?” त्यांनी विचारलं.

“खुर्चीचं काय पन लिहिलं नाय.”

“मोठ्या जागेला खुर्ची लिहीत नसतात. ती असतेच.”

देवराजची बायको चंद्रकला दाराशी उभी राहून ऐकत होती. तिने पत्र हातात घेतलं. “मामा, यात चार पांढरे कोट लिहिलेत. आनी एक उंच टोपी.”

“मंग? समुद्राकडंला ऊन केवढं असतं. गव्हर्नर काय काळा घालायचा? पांढरंच घालायचा, वर टोपी.”

“आनी हे सुऱ्यांचं? ‘स्वतःच्या सुऱ्या असल्यास आणाव्यात.’”

मग मामा हसले. “अगं, मोठ्या कचेरीत लखोटे बोटानं फाडत नाय कोन. सुरीनं कापतात. सायबाच्या टेबलावर ठेवलेली असते, पितळेची.”

“पन मामा, यांनी काम काय करायचं, ते कुटं हाय यात?”

“सू-शेफला काम नसतं, चंद्रकला,” मामा समजावून म्हणाले. “त्याच्याकडं काम येतं, तो ते खाली देतो. तेवढंच.”

सर्व बाबींचा विचार झाला. गुरुवारी देवराजने पोर्ट लुईला जाऊन लखोटे कापायची पितळी सुरी, एक टाय आणि कुलूप लागणारी बॅग घेतली. शुक्रवारी त्याने कचेरीतले शेफ, राधाकृष्ण, यांच्या टेबलावर राजीनामा ठेवला आणि ते जेवायला गेले असताना निघून आला. सरकारी नोकरी एकदा सोडली की माणसाला परत घेत नाहीत. पेन्शनला लागणाऱ्या वर्षांपैकी अकरा वर्षं भरली होती, ती आता गेली. पण हॉटेलच्या पेन्शनचं दुसरं पान बॅगेत होतं, म्हणून त्याला झोप नीट लागली.

सोमवारी सकाळी सातला देवराज हॉटेलच्या मागच्या दाराशी बसमधून उतरला. एका मुलीने त्याचं नाव यादीत पाहिलं आणि त्याला एका मोठ्या खोलीत नेऊन सोडलं. खोलीत आठ माणसं होती, सगळी पांढऱ्या कोटात. देवराजला बरं वाटलं. भिंतीला लागून चुली होत्या, म्हणजे कँटीन जवळच होतं. एका उंच टोपीवाल्या धिप्पाड माणसाला त्याने हाक मारली.

“एक चहा. साखर कमी. आणि मला शेफच्या खोलीत घेऊन जा.”

“शेफ मीच,” तो माणूस म्हणाला. त्याचं नाव मस्यू बेर्त्रां होतं. त्याच्या एका हातात माशाची शेपटी होती आणि शेपटीपुढे उरलेला मासा लोंबत होता. “सू-शेफ तुम्हीच ना? दुपारी पाहुणे येताहेत. मालक स्वतः येतील. हा मासा घ्या, साठ जणांचं व्हायला हवं.” त्याने मासा देवराजच्या समोरच्या टेबलावर ठेवला आणि तो गेला.

मासा सात किलोचा होता. तो देवराजकडे पाहत होता.

सात वाजून वीस मिनिटांनी देवराजला सगळा उलगडा झाला. घरी चहासुद्धा चंद्रकला करत असे. त्यातून सोमवार, त्यांच्याकडे सोमवारी मासळी घरात येत नसे. त्याने दाराकडे पाहिलं. दारातून बाहेर पडलं तर दोन्ही नोकऱ्या नाहीत. घरी मामा बसलेले. तेव्हा आत राहूनच काहीतरी करायला हवं होतं, आणि जे त्याला येत होतं ते एकच होतं. काम आलं आहे, ते खाली द्यायचं.

त्याने बॅगेतून कागद काढला, त्यावर लिहिलं, ‘सोबतचा मासा योग्य त्या कार्यवाहीसाठी’, खाली सही केली, तारीख घातली, आणि कागद माशाच्या कल्ल्यात खोचून मासा शेजारच्या टेबलावर सरकवला.

शेजारी इंद्रजीत नावाचा तरुण स्वयंपाकी कांदे कापत होता. त्याने कागद वाचला. “हे काय, शेफ?”

अकरा वर्षांत देवराजला कुणी शेफ म्हटलं नव्हतं. त्याने घसा साफ केला. “वाचून सही करा. म्हणजे तुम्ही पाहिलं, असं होईल.”

“सही केली की झालं?”

“तुमच्यापुरतं झालं.”

इंद्रजीतने सही केली. हॉटेल नवं होतं, इथली पद्धत काय आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि सू-शेफने टाय घातला होता. मासा सॉसवाल्याकडे गेला. सॉसवाल्याने ‘पाहिला’ असं लिहिलं. भाजीवाल्याने ‘मासा ताजा आहे, भाजी विभागाची हरकत नाही’ असा शेरा दिला. केकवाल्याने आपला संबंध नसल्याचं लिहून दिलं, पण सही केली. अकरा वाजेपर्यंत मासा सात टेबलांवरून फिरला. त्याच्यावर सात सह्या झाल्या होत्या आणि त्याचा एक खवलाही निघाला नव्हता.

अकरा वाजून दहा मिनिटांनी तो मस्यू बेर्त्रांसमोर अंतिम मंजुरीसाठी आला.

मस्यू बेर्त्रांने कागद पहिल्यापासून वाचला. मग त्याच्या हातातली पळी निघाली. ती सरळ देवराजच्या कपाळाकडे आली. देवराजने ती झेलली आणि खुंटीला अडकवली. स्वयंपाकघरात कौतुकाची कुजबुज झाली. त्या दिवशीचं हे एकच काम त्याला नीट जमलं.

“कापा,” मस्यू बेर्त्रां हळू आवाजात म्हणाला. “माझ्यासमोर. तुमची सुरी काढा.”

देवराजने बॅग ठेवली, कुलूप उघडलं आणि सुरी काढली. पितळेची, बोटभर लांब, मुठीला मोर होता. सगळे जवळ आले. मस्यू बेर्त्रांने ती उजेडात धरली, अंगठा धारेवरून फिरवला, पुन्हा फिरवला. धार नव्हतीच.

“याने तुम्ही काय कापता?”

“लखोटे,” देवराज म्हणाला.

अकरा वाजून चाळीस मिनिटांनी तो रस्त्यावर होता. हॉटेलची बस संध्याकाळी होती. तो दोन बसगाड्या बदलत रिव्हिएर दू रांपारला पोचला तेव्हा सव्वा वाजला होता. बसमध्ये शेजारच्या बाईने माशाच्या वासामुळे जागा बदलली होती.

कचेरीबाहेरची रांग भाजीबाजारापर्यंत गेली होती. खिडकीत कुणी नव्हतं. देवराज मागच्या दाराने आत शिरला आणि राधाकृष्णांच्या टेबलासमोर उभा राहिला. टेबलावर अर्जांचा ढीग होता. त्या ढिगामागून चष्मा दिसला.

“शेफ,” देवराज म्हणाला, “तो माझा राजीनामा. मला तो परत पाहिजे.”

“पा कापाव,” राधाकृष्ण म्हणाले. जमणार नाही, हे ते नेहमी तिथल्या क्रिओल बोलीतच सांगत. “आवक नंबर पडलाय. नंबर पडलेला कागद परत देता येत नाय. तूच सांगायचास ना लोकांना?”

देवराजने ढिगाकडे पाहिलं. “म्हंजे मंजूर झाला?”

“मंजूर कसा करू? आधी त्याच्यावर तुझी शिल्लक रजा लिहायला पाहिजे. ती कोन लिहितो?”

“मी.”

“आनी तू कुटं हायस?”

“मी राजीनामा दिलाय.”

“मंग मी तेच म्हनतो,” राधाकृष्ण म्हणाले. “वर विचारलं, दुसरा कारकून द्या. वरचे म्हनतात, जागा रिकामी झाली की देऊ. जागा रिकामी होनार कधी, तर राजीनामा मंजूर झाल्यावर. सकाळपासून मी याच्यावर विचार करतोय. डोकं दुखायला लागलं.”

देवराजनेही विचार केला. या वाटेने कितीही गेलं तरी माणूस सरकारी नोकरीतच राहत होता. “म्हंजे मी अजून हाय?”

“हायस की. उलट सकाळपासून गैरहजर हायस.” त्यांनी नाकाला रुमाल लावला. “काय आनलंस रे बॅगेत?”

“काय नाय, शेफ. अंगालाच येतोय.”

“बस जा खिडकीत. आनी तुझी ती फाईल पुरी कर. अर्ज नामंजूर, आनी गैरहजेरीबद्दल खुलासा मागव. सात दिवसांत. कडक लिही.”

देवराज खिडकीत बसला. संध्याकाळी चारला रांग संपल्यावर त्याने स्वतःला पत्र लिहिलं. मसुदा आत गेला आणि ‘सौम्य आहे’ असा शेरा घेऊन बाहेर आला. त्याने ‘बेजबाबदार’ हा शब्द घातला, नंतर ‘अत्यंत’ वाढवला. राधाकृष्णांनी सही केली. पत्र बुधवारी पितोंला पोचलं आणि ते वाचून देवराजला दोन दिवस जेवण गेलं नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर कुणी आपल्याला असं लिहावं, हे त्याने चंद्रकलेला तीनदा बोलून दाखवलं.

सहाव्या दिवशी त्याने खुलासा दिला. दीड पान होता, मनापासून लिहिलेला. हॉटेलचा, टोपीचा, माशाचा, सगळा प्रकार त्यात होता. सातव्या दिवशी तो आवक नंबर पडून खिडकीत त्याच्यासमोर आला. देवराजने चष्मा लावला आणि तो दोनदा वाचला. मुद्दे विस्कळीत होते, पुरावा जोडलेला नव्हता, आणि मासा सात टेबलांवरून फिरल्याचा भाग तर त्याला अजिबात पटला नाही. त्याने खाली ‘खुलासा समाधानकारक वाटत नाही’ असा शेरा मारला आणि कागद सहीसाठी आत पाठवला.