पाइनच्या झाडावरची पाटी

जंगलात तंबू ठोकून झाल्यावर माणसं आधी काय करतात? कोणी चूल पेटवतं, कोणी डासांचं औषध फासतं, कोणी संडास किती लांब आहे ते बघून येतं. आमचे टिपणीसकाका आधी पाटी लावायचे. चांगली पितळी पाटी, चिंचेनं घासून लखलखीत केलेली, तिच्यावर ठसठशीत देवनागरीत ‘म. द. टिपणीस’. तंबूला पाटी लावण्याजोगं दार नसतं, म्हणून ती समोरच्या पाइनच्या झाडावर जायची. टेक्सासच्या त्या जंगलात ती वाचू शकणारी आम्ही चार मराठी कुटुंबं. बाकी सगळ्या खारी.

“वाचणारं कोणी नाही म्हणून पाटी लावायची नाही?” काका म्हणायचे. “घर म्हटलं की पाटी आली. मग ते दोन दिवसांचं असो की दोन पिढ्यांचं.”

ऐंशीच्या दशकातल्या गोष्टी या. आम्ही ह्यूस्टनच्या कडेला शुगर लँडमध्ये राहत होतो. आमच्या ओळखीतले झाडून सगळे पुरुष तेलाच्या धंद्यात इंजिनियर. मी लग्न होऊन नागपूरहून तिथं पोचले, तेव्हा टिपणीसकाका आणि शैलाकाकू आमच्या मागच्या गल्लीत कधीचे राहत होते. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत सगळी अमेरिका आपापल्या आईकडे टर्की खायला जायची. आमच्या आया सात समुद्रांपलीकडे. मग आम्ही चार कुटुंबं तंबू आणि कुकर गाड्यांत कोंबून उत्तरेला एका स्टेट पार्कात जायचो. पाइनचं दाट जंगल, मधे तळं, आणि झाडांखाली तंबूंसाठी आखलेल्या जागा.

पहिल्या वर्षी काकांनी पाटीसाठी सरळ झाडालाच खिळा ठोकला. दुसऱ्या घावाला मोठ्या हॅटमधला, मिशाळ रेंजर हजर. तो ओरडला नाही. “सर, द ट्री इज अलाइव्ह,” एवढंच म्हणाला. काकांचा चेहरा पडला. त्यांनी खिळा उपटला, आणि रेंजरची पाठ वळताच काकूंच्या मिसळणाच्या डब्यातली चिमूटभर हळद घेऊन त्या भोकात दाबली.

“अहो, फोडणीची हळद ती!” काकू ओरडल्या.

“लागलंय त्याला,” काका म्हणाले.

तेव्हापासून पाटी पायजम्याच्या नाडीनं झाडाला बांधली जाऊ लागली. दरवर्षी काका हटून तीच जागा मागून घ्यायचे. गाडीतून उतरले की आधी खोडावर बोट फिरवायचे आणि “भरलं हं,” असं कोणाला तरी सांगायचे.

पाटीनंतर घंटी. तंबूच्या खांबाला ते सायकलची घंटी बांधत. तंबूच्या जाळीतून आपण त्यांना दिसायचो, ते आपल्याला दिसायचे. तरी घंटी वाजवायची आणि बाहेर थांबायचं. मग आतून आवाज येई, “कोण?”

“काका, मी.”

“मी म्हणजे कोण?”

“सुनंदा पाठक. शेजारच्या तंबूतली. मीठ हवंय.”

“ये, ये. चपला बाहेर.”

एकदा भूक लागलेली, वरून हे नाटक. मी वैतागून “अस्वल!” म्हणाले. काका आतून शांतपणे म्हणाले, “अस्वलांनी मागच्या दारानं यायचं.”

तंबूच्या आत माजघर होतं, पुढच्या छपरीखाली बैठक, लाकडी बाकांचं टेबल म्हणजे स्वयंपाकघर. समोर दगडांनी आखलेलं अंगण. पाइनच्या डहाळ्यांचा खराटा करून ते अंगण रोज सकाळी झाडलं जायचं. पाइनच्या जंगलात पाइनच्या काड्या झाडून काढणं म्हणजे काय, ते ज्यानं पाहिलंय त्यालाच कळेल. हात थांबेपर्यंत पुन्हा तेवढ्याच पडलेल्या असत. अंगणाच्या मधोमध एका बादलीत कढीपत्ता. जंगलात जाताना घरून झाड घेऊन जाणारा माणूस मी तेवढा एकच पाहिला.

त्यांची मुग्धा तेव्हा हायस्कुलात होती. कानांवरचे हेडफोन एका बाजूनं उचलून ती म्हणायची, “डॅड, इट्स अ टेंट.”

“हो, पण कोणाचा?” काका विचारायचे.

मुग्धा हेडफोन खाली सोडायची.

आता तुम्ही म्हणाल, तंबूत एवढा थाट करणाऱ्या माणसाचं घर कसं असेल! मलाही तसंच वाटलं होतं. पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले तेव्हा मला वाटलं, ही मंडळी आजच राहायला आली असावीत किंवा उद्या निघणार असावीत. खिडक्यांना पडद्यांऐवजी फुलाफुलांच्या चादरी. बैठकीत घडीच्या खुर्च्या. टीव्ही ज्या खोक्यातून आला त्याच खोक्यावर उभा. एका भिंतीशी खोक्यांची उतरंड, प्रत्येकावर जाड अक्षरांत ‘पुणे’. दारावर पाटी नाही. बेल बिघडलेली.

“इथं काय, तात्पुरतं,” काका म्हणाले.

हा त्यांचा दुसरा मंत्र. जंगलात सगळं ‘व्यवस्थित’, घरात सगळं ‘तात्पुरतं’. पुढच्या वर्षी परत जायचं, मुग्धाची शाळा बदलायच्या आत जायचं, प्रमोशन झालं की जायचं. आम्ही सगळेच तेव्हा असं म्हणायचो आणि म्हणता म्हणता सोफा घ्यायचो. काकांनी शब्दाला जागून सोफा घेतला नाही.

भिंतीला खिळा ठोकायला तर सक्त मनाई. “भोकं दिसली की विकताना त्रास होतो.” त्यामुळे शैलाकाकूंच्या आईनं भरलेला मोर, त्यांचा लग्नातला फोटो, मुग्धानं बालवाडीत काढलेला हत्ती, सगळ्या तसबिरी जमिनीवर भिंतीकडे तोंड करून उभ्या. शिक्षा झालेल्या पोरांसारख्या. कढीपत्ता मागच्या अंगणात, पण बादलीतच. त्याची मुळं बादलीच्या तळातून बाहेर डोकावायला लागली होती.

काकूंनी कधी तक्रार केली नाही. एकदा मात्र कपड्यांच्या घड्या करता करता म्हणाल्या, “सुनंदा, मला एक खिळा हवाय गं. एकच. मोर लावीन आईचा. बाकी काही नको.”

बाई चांगल्या शिकलेल्या, लायब्ररीत नोकरी करणाऱ्या. एका खिळ्यासाठी नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होत्या. मला काकांचा असा राग आला की मी आठवडाभर त्यांच्याशी धड बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नसावं.

ती पाटीही मुळात पुण्यासाठीच केलेली. काकांनी फार पूर्वी कोथरूडला फ्लॅट घेतला होता. ताबा मिळाला तेव्हा हे इकडे. तोवर राहू दे म्हणून धाकट्या भावाला दिला. भावानं रीतीप्रमाणे स्वतःची पाटी लावली. काकांची पाटी मग बॅगेतून इकडे आली. “परत जाताना नेईन,” काका म्हणाले. तोवर तिला वर्षातून एकदा पाइनचं झाड मिळायचं.

मग तेलाचे भाव कोसळले. आमच्या गल्लीत घरटी एक नोकरी गेली. अंगणांत ‘विकणे आहे’चे फलक उभे राहिले, काही लोक तर किल्ल्या बँकेला देऊन रातोरात निघून गेले. माझा नवरा श्रीकांत कसाबसा टिकला. टिपणीसकाकांना मात्र एका शुक्रवारी टेबल रिकामं करायला सांगितलं.

आम्ही भेटायला गेलो तर काका जवळजवळ खुशीत होते. “बघ, देवानंच तिकीट काढून दिलं,” म्हणाले. पुण्याच्या एका कारखान्यात त्यांच्यासाठी जागा होती. ठरवायला म्हणून ते ऑक्टोबरात एकटे गेले. काकूंनी खोकी पुसून ठेवली. भिंती कोऱ्याच होत्या, त्यामुळे आवरण्यासारखं फार नव्हतं.

महिन्याभरानं काका परतले ते गप्प. पुण्याचं काय झालं, कोणाला सांगेनात. लांबच्या एका लहानशा कंपनीत खालच्या हुद्द्याची नोकरी धरली आणि रोज पहाटे गाडी काढून जायला लागले. काकूंना विचारावं तर त्या म्हणायच्या, “मलाही नाही सांगितलं गं. सांगतील.”

त्या थँक्सगिव्हिंगला ते जंगलात येतील असं वाटलं नव्हतं. आले. तीच जागा, तोच तंबू. काकांनी खोडावर बोट फिरवलं, पण पाटी निघाली नाही. घंटी नाही. कढीपत्त्याची बादलीही नाही. अंगण झाडलं नाही, दगड मांडले नाहीत. त्यांच्या अंगठ्याला हे एवढं बँडेज होतं.

“काका, पाटी?” मी विचारलं.

“विसरली.”

“आणि अंगठ्याला?”

“लागलं कुठंतरी.”

आमच्या चारही तंबूंवर अवकळा आली. रेंजर फिरत फिरत आला, झाडाकडे बघून घुटमळला. दरवर्षी तो न चुकता घंटी वाजवून, बूट काढून आत यायचा आणि काकूंचा चहा प्यायचा. या वेळी हॅटला हात लावून तसाच पुढे गेला. मुग्धासुद्धा हेडफोन काढून वडिलांच्या जवळपास घोटाळत होती. फक्त शैलाकाकू काहीबाही गुणगुणत कांदा चिरत होत्या. मला त्यांचंच नवल वाटलं. म्हटलं, नवरा असा खचलेला आणि बाईला गाणं सुचतंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीवर चहाचं पाणी ठेवून आम्ही भोवती बसलो होतो. थंडी कडक होती. पाण्याला उकळी फुटली, तसे काका त्याच्याकडे बघत बोलायला लागले.

“पुण्यात मी माझ्याच फ्लॅटची बेल वाजवली. आतून पुतण्या ओरडला, ‘कोण?’ मी म्हणालो, ‘मी.’ तर म्हणतो, ‘मी म्हणजे कोण?’” काका हसले, पण आम्ही कोणी हसलो नाही. “मला काही सुचेचना सुनंदा. दारावर पाटी त्याच्या बापाची. मी काय सांगणार?”

श्रीकांतनं चुलीतलं लाकूड उगाच सरकवलं.

“कोणी वाईट वागलं नाही हो. उलट फार केलं. भावजय माझ्यासाठी रोज वेगळं पाणी उकळून, गाळून, झाकून ठेवायची. अमेरिकेतनं आलोय, बाधेल म्हणून. पुण्याच्या नळाला तोंड लावून पाणी प्यालेला माणूस मी! आणि खरं सांगू, ती म्हणाली ते बरोबरच होतं. एक दिवस हट्टानं नळाचं प्यालो आणि दोन दिवस झोपून होतो.” त्यांनी पाइनची एक काडी चुलीत टाकली. “कपाटातला एक कप्पा रिकामा करून देते म्हणाली. मीच म्हणालो, राहू दे, बॅगेतच बरंय. आणि पुढं माझ्या तोंडून आपोआप निघालं बघ. तात्पुरतं तर आहे.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ज्या माणसाचा एवढा राग केला होता, त्याचाच कळवळा आला. काकूंनी चहा गाळला, पहिला कप त्यांच्या बँडेजच्या हातात नीट बसवून दिला आणि शेजारी बसल्या.

रविवारी घरी परतलो. सामान काढताना काकूंचं मोठं पातेलं आमच्या गाडीत निघालं. ते द्यायला मी मागच्या गल्लीत गेले. आधी दिसली ती त्यांची खिडकी. उघडीबोडकी, चादर गायब. ती चादर पुढच्या अंगणात होती. नोव्हेंबरात, ऐन थंडीच्या तोंडावर, काकांनी कढीपत्ता जमिनीत लावला होता, आणि तो गारठू नये म्हणून फुलाफुलांच्या चादरीत गुंडाळून ठेवला होता. शेजारी बादली पालथी पडली होती.

दाराशेजारी भिंतीवर पाटी होती. ‘म. द. टिपणीस’. किंचित तिरकी. चिंचेनं नुकतीच घासलेली. भोवतीच्या भिंतीवर हातोडीचे चुकलेले घाव. इंजिनियर माणूस, पण भिंतीत खिळा ठोकायची सवय कुठली! जंगलात निघायच्या आदल्या दिवशी ठोकली असणार. तो अंगठा आणि काकूंचं ते गुणगुणणं, दोन्हींचा मला तिथं उलगडा झाला.

पाटीखाली सायकलची घंटी बांधली होती. मी ती वाजवली आणि थांबले. दाराच्या काचेतून काका मला स्वच्छ दिसत होते, मी त्यांना दिसत होते.

“कोण?” काकांनी विचारलं.

“सुनंदा पाठक. पुढच्या गल्लीतली. पातेलं द्यायला आलेय.”

“ये, ये. चपला बाहेर.”

आत खोकी तशीच होती, खुर्च्याही घडीच्याच. बैठकीच्या मधोमध काकू मोराची तसबीर पोटाशी धरून उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना इतकं गोंधळलेलं कधी पाहिलं नव्हतं.

“कुठं लावू, ठरतच नाही गं,” त्या म्हणाल्या. “इतकी वर्षं एक खिळा मागितला. पण कुठं, याचा विचारच केला नव्हता.”

त्यांनी तसबीर खिडकीशेजारी धरून पाहिली, मान हलवली. मग स्वयंपाकघराच्या दारावर धरली. तिथूनही काढली. टिपणीसकाका एका हातात हातोडी आणि बँडेजच्या हातात मूठभर खिळे घेऊन त्यांच्या मागोमाग एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपाशी जात होते. घाई करत नव्हते.