बारा नंबरची मोकळी खोली

सकाळपासून तिघांना तीन खोल्यांतून उठवलं होतं. पहिलीत कसलीशी परीक्षा सुरू व्हायची होती, दुसरीतल्या खुर्च्या दुरुस्तीला चालल्या होत्या आणि तिसरीतून ग्रंथपालबाईंनी नुसतं डोळ्यांनीच बाहेर काढलं. दोन वाजेपर्यंत प्रकल्पाच्या सरांना कॉलेजच्या ॲपची कल्पना आणि नाव द्यायचं होतं. नाही दिलं तर गट मोडणार, असं त्यांनी बजावलं होतं. त्यामुळे बारा नंबरची खोली उघडी, रिकामी आणि खुर्च्या नीट मांडलेली दिसताच तिघं लगेच आत शिरले.

गटात एक कॅप्टन होता, तो बोलायचा. एक चष्मेवाला होता, तो हरकत घ्यायचा. आणि एक चिटणीस होती, ती दोघांचं लिहून घ्यायची. अक्षर चांगलं असल्यामुळे शाळेपासून तिच्या वाट्याला तेच आलं होतं. चारचौघांत बोलायची वेळ आली की ती वही दुसऱ्याच्या हातात द्यायची.

"कँटीनच्या रांगेचं ॲप करू," कॅप्टन म्हणाला.

"तीन गटांनी केलंय," चष्मेवाला म्हणाला.

"मग हरवलेल्या वस्तूंचं."

"सगळ्यात जास्त हरवतात मोबाइल. मोबाइल हरवलेला माणूस ॲप उघडणार कशात?"

चिटणीस वहीतून मान वर न करता पुटपुटली, "आपल्याला सकाळपासून बसायला जागा मिळत नाहीये."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. कुठली खोली कधी मोकळी, हे सांगणारं ॲप. चष्मेवाल्यालासुद्धा हरकत सुचेना. कॅप्टन भराभर नावं सांगू लागला आणि चिटणीसने ती फळ्यावर ठळक, वळणदार अक्षरांत लिहिली: 'मोकळे झाले'. 'जागा रिकामी झाली'. 'सुटलो एकदाचे'.

तेवढ्यात दोन कारकून एक टेबल घेऊन आत आले. टेबलावर त्यांनी एका म्हाताऱ्या गृहस्थांचा फोटो ठेवला आणि शेजारी फुलदाणी. मागोमाग प्राचार्य आले, ऑफिसातली माणसं आली आणि मुलीचा हात धरून एक थकलेल्या बाई आल्या. कॉलेजच्या खोल्यांच्या चाव्या तीस वर्षं सांभाळणारे काका आठवड्यापूर्वी गेले होते. त्यांची शोकसभा होती आणि त्या बाई म्हणजे त्यांच्या पत्नी, काकू.

"विद्यार्थीही आलेत," प्राचार्य हलक्या आवाजात म्हणाले. "मला आशा नव्हती. पुढेच बसा."

चिटणीसने डस्टर शोधला. डस्टर नव्हता. कॅप्टन हात पसरून फळ्यापुढे उभा राहिला, पण त्याच्या अंगाने एकच नाव झाकलं जात होतं. प्राचार्यांनी त्याला खांद्याला धरून मायेने खाली बसवलं.

सगळ्यांच्या नजरा फळ्यावर गेल्या. काकूंनी तिन्ही ओळी सावकाश वाचल्या. धरणी पोटात घेईल तर बरं, असं चिटणीसला झालं.

"खरं लिहिलंय," काकू म्हणाल्या. "दीड वर्ष अंथरुणावर होते. मोकळे झाले."

प्राचार्य बोलायला उभे राहिले. फळ्याकडे पाहून ते गंभीरपणे म्हणाले, "जागा रिकामी झाली, हेही खरंच. ते निवृत्त झाल्यापासून ती भरली गेलेली नाही. ज्यांनी इतक्या मोजक्या शब्दांत हे मांडलं, त्यांनीच पुढे बोलावं."

कॅप्टनने चष्मेवाल्याकडे पाहिलं आणि दोघांनी मिळून चिटणीसकडे. ती उठली. खोटं बोलायचं तर आधी रचावं लागतं, आणि तेवढा धीर तिच्यात नव्हता.

"आम्ही काकांना कधी पाहिलं नाही," ती म्हणाली. "आम्ही बसायला खोली शोधत होतो. सकाळपासून सगळे उठवतायत. कुठली खोली रिकामी आहे ते कोणालाच माहीत नाही. ही नावं आमच्या ॲपची आहेत. चुकलं आमचं, काकू."

प्राचार्यांनी चष्मा काढून हातात घेतला.

"म्हणजे ते नसल्याचं खरं तुम्हालाच कळलं," काकू म्हणाल्या आणि डोळे पुसता पुसता हसल्या. "अहो, जेवताना फोन यायचे त्यांना. घास हातात धरून सांगायचे, सात नंबर घ्या, पण पंखा लावू नका."

"चौदा नंबरला कडी आतून अडकते, हे त्यांनीच मला दाखवलं," एक कारकून म्हणाला.

"भौतिकच्या सरांचा मंगळवारचा तास कधीच होत नाही, हे तर मलाही त्यांच्याकडूनच कळलं," प्राचार्य म्हणाले.

मग एकेक जण बोलत गेला. चिटणीसने सवयीने वही उघडली आणि लिहीत राहिली. सभा तासाभराने संपली तेव्हा चार पानं भरली होती. काकूंना विचारून तिने फळ्यावरची तिन्ही नावं रुमालाने पुसली आणि कागदावर 'चावीवाले काका' असं लिहून दोनला पाच कमी असताना सरांकडे दिलं.

ॲप झालं. सरांनी वाखाणलं, नोटीस लागली. पहिल्या महिन्यात अकरा जणांनी ते घेतलं. त्यांत हे तिघं आणि काकूंची मुलगी. बाकीच्यांनी ॲप घेण्याऐवजी तोंडीच चौकशी केली तेव्हा त्यांना कळलं, की सगळी माहिती एका मुलीच्या वहीत आहे आणि ती बहुतेक जिन्याजवळच भेटते.

एका दुपारी ती जिन्यात बसून डबा खात होती. समोर प्राचार्य येऊन उभे राहिले, मागे बाहेरून आलेले चार पाहुणे.

"जरा बैठक होती," ते संकोचाने म्हणाले. "चार ते पाच."

"नऊ नंबर घ्या, सर," चिटणीस घास हातात धरून म्हणाली. "पण डावीकडच्या बाकावर पाहुण्यांना बसवू नका."