भुसारी काकांच्या न सुटलेल्या केसेस

पहिल्याच भेटीत भुसारी काकांनी माझ्या गळ्याकडे निरखून बघितलं आणि म्हणाले, "बारीक हाय. ठगांच्या काळात तुमी जबलपूरच्या पुढं पोचले नसते."

मी त्यांच्याकडे वरची खोली भाड्याने बघायला गेलो होतो. राज्य नवं, राजधानी नवी, आणि भोपाळहून फायलींच्या पेट्यांबरोबर रायपूरला जे कारकून रवाना झाले त्यांतला मी एक. मूळचा नागपूरचा. समता कॉलोनीत मराठी घरमालक मिळतोय म्हणून मी खूश होतो, आणि हा घरमालक माझ्या गळ्याचा अंदाज घेत होता. मी नकळत मफलर घट्ट केला. ते बघून काकांचा चेहरा खुलला. घाबरणारा माणूस शहाणा असतो म्हणाले, आणि ॲडव्हान्ससुद्धा न मागता खोली मला दिली.

काका रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून रिटायर झालेले. उभी नोकरी दुसऱ्यांच्या बंद पेट्यांच्या सहवासात गेली. एवढ्या पेट्यांमधून एकही प्रेत निघालं नाही, याचं दुःख त्यांनी कधी लपवलं नाही. वेळ घालवायला स्टेशनच्या बुकस्टॉलवरच्या रहस्यकथा वाचायचे. हिंदी, मराठी, अडखळत इंग्रजीही. पाइप ओढणारे डिटेक्टिव्ह, मिशा पिळणारे डिटेक्टिव्ह, विणकाम करता करता खुनी पकडणाऱ्या म्हाताऱ्या, सगळ्यांशी त्यांचा घरोबा होता. विलायतेत बायकोच्या दुधात विष कालवणारे डॉक्टर त्यांना नावानिशी पाठ होते. पण जीव होता तो ठगांवर. "आपल्या इकडचेच लोक ना ते," असं अभिमानाने सांगत. "रक्ताचा थेंब नाही, आवाज नाही, पसारा नाही. फक्त रुमाल. याले म्हनतात शिस्त."

त्यांचा आवडता प्रश्न होता, "मोटिव्ह काय?" भाजीवालीने कोथिंबीर फुकट टाकली की मोटिव्ह काय? सदर बाजारातल्या कापडवाल्याने चहा मागवला की मोटिव्ह काय? मी एकदा सकाळी नुसता नमस्कार केला, तर वर्तमानपत्र खाली करून त्यांनी मला तोच प्रश्न विचारला.

महिन्याभरात माझी नेमणूक झाली. काकांच्या मते प्रत्येक मोठ्या डिटेक्टिव्हला एक मंद सोबती लागतो, जो चुकीचे प्रश्न विचारतो आणि शेवटी तोंड उघडं टाकून बघत राहतो. या जागेसाठी त्यांनी बरेच दिवस माणूस शोधला होता म्हणे. मी आलो आणि शोध संपला. मला वाईट वाटायला हवं होतं, पण ऑफिसात माझी इतकीही किंमत नव्हती, म्हणून मी पद आनंदाने स्वीकारलं.

केसेस घरातच घडायच्या. काकूंचा चष्मा गायब व्हायचा. देवघरातली घंटी, गॅसचा लायटर, काकांचा एक बूट. काका खुर्ची ओढून काकूंसमोर बसत आणि अदबीने विचारत, "मॅडम, तुमी हे शेवटचं कवा पाह्यलं?" काकू पदर तोंडाला लावून हसत. मग काका घरभर फिरत, पलंगाखाली वाकत, आणि तासाभराने वस्तू कुठूनतरी हजर करत. चष्मा तांदळाच्या डब्यात. लायटर फ्रिजमध्ये. निकाल दरवेळी एकच असायचा. बाहेरची टोळी होती, आता बिलासपूरकडे पळाली, घाबरण्याचं कारण नाही. केस बंद.

हे मला पटेना. जो माणूस कादंबरीतला खुनी दुसऱ्या प्रकरणात ओळखायचा, त्याला घरातला लायटर फ्रिजमध्ये कोण ठेवतं ते कळू नये? मी एकदा विचारलं, "काका, टोळीवाले लायटर काहून थंड करतील?" त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं आणि सांगितलं की केस गुंतागुंतीची आहे, तुम्ही वर जा. मी वर गेलो. म्हातारा थकला, असा निष्कर्ष काढला, आणि थोडा सुखावलोही. आपल्यापेक्षा हुशार माणूस थकलेला बघायला बरं वाटतं.

मग संक्रांत आली. खालच्या मजल्यावर हळदीकुंकवाची तयारी सुरू झाली. काकूंचे तिळाचे लाडू कॉलोनीत प्रसिद्ध होते, पण काका त्यांना शिवत नसत. टोळीत नवा माणूस घेतला की ठग त्याला गूळ खाऊ घालत, हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. "वाटेत मानूस भेटते, हातावर गूळ ठेवते, गोड बोलते," ते मला समजावत. "खानारा मानूस ठगच होऊन बसते, इतिहासात हाय." निदान बायकोच्या हातचा तरी खा, असं मी म्हटलं, तर म्हणाले की सगळ्यात जुनं मोटिव्ह बायकोकडेच असतं. काकूंनी हे आयुष्यभर ऐकलं होतं. त्यांनी दुपारी लाडवांचा एक डबा भरून माझ्या हातात दिला आणि सांगितलं, ऑफिसात वाटा, तुमच्या काकांच्या घशाखाली काही हे उतरत नाही.

संध्याकाळी बायका जमू लागल्या आणि खालून गलका ऐकू आला. काकूंचं सणाचं मोठं मंगळसूत्र सापडत नव्हतं. सकाळी कपाटातून काढलेलं त्यांना पक्कं आठवत होतं, पुढचं काहीच आठवत नव्हतं. काकांनी सगळं घर पालथं घातलं. मी जिन्यावर येऊन वाकून बघितलं. काकू खुर्चीवर बसून हातातला कुंकवाचा करंडा पुन्हा पुन्हा उघडून बघत होत्या.

यावेळी टोळी बिलासपूरला पाठवून भागणार नव्हतं. समोरच्या घरातल्या खेडकर वहिनींनी दुलारीकडे बोट केलं. दुलारी गुढियारीहून कामाला यायची, बरीच वर्षं. तिच्या हातात वाणाचं तबक होतं. वहिनी म्हणाल्या, "हे पोट्टी आज कपाटापाशी काय करून राह्यली होती? पोलिसले बोलवा, सगळं निघते." दुलारीने तबक खाली ठेवलं आणि ती रडायला लागली.

मी खोलीत परतलो. अस्वस्थ झालो की मला खायला लागतं. डबा उघडला, दोन लाडू खाल्ले, तिसऱ्याला हात घातला, तर हाताला काळे मणी लागले.

आणि मला सगळं कळलं. आयुष्यात पहिल्यांदा मला काहीतरी आपोआप कळलं. डबा भरला काकूंनी. तांदळाच्या डब्याशी, फ्रिजशी वावर काकूंचा. मंगळसूत्र, चष्मा, लायटर, बूट, सगळ्यांचा गुन्हेगार एकच! एवढं सोपं कोडं भुसारी काकांना सुटलं नाही, आणि मंद सोबत्याने सोडवलं. खाली जायच्या आधी मी केस विंचरले. हे सांगायला लाज वाटते, पण शर्टही बदलला.

दिवाणखान्यात सगळ्या बायका गोल बसल्या होत्या, अगदी शेवटच्या प्रकरणात बसतात तशा. मी दारात उभा राहून म्हणालो की कुणी जागेवरून हलू नका. कुणी हलतच नव्हतं. मी डबा उघडून मंगळसूत्र वर धरलं. चोर याच घरात आहे, मी म्हणालो, आणि चष्म्यापासून बुटापर्यंत सगळं एकाच व्यक्तीने केलं आहे. मग खुनी जाहीर करतात तसा सावकाश वळलो, काकूंकडे. त्या माझ्याकडेच बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर जी भीती होती तिचा अर्थ तेव्हाही माझ्या डोक्यात शिरला नाही. मी बोलायला तोंड उघडलं.

"मी," मागून काका म्हणाले. "मीच लपवलं."

ते पुढे आले आणि माझ्या हातातलं मंगळसूत्र काढून घेतलं. म्हणाले, असिस्टंटची परीक्षा घ्यायची होती, आज पास झाला. चष्माही मीच, लायटरही मीच, आता तुम्ही सगळ्या काय शिक्षा द्यायची ती द्या.

एकीलाही शंका आली नाही. जो माणूस भाडेकरूच्या गळ्याचं माप घेतो, तो बायकोचं मंगळसूत्र लाडवांत लपवणार नाही तर कोण? खेडकर वहिनींनी सणाच्या दिवशी असली थेरं करणाऱ्या माणसाला काय काय म्हणतात ते सगळं ऐकवलं. काकांनी ऐकून घेतलं. मग दुलारीसमोर जाऊन हात जोडले आणि तिच्याच बोलीत चूक आपली म्हणाले. "माफी दे दे बेटी, गलती मोर हे." दुलारीने डोळे पुसले, "हव, बबा," म्हणाली, आणि तबक उचललं.

काकू हळूच म्हणाल्या, "मले वाटून राह्यलं होतं, माह्याच डोक्यात काही बिघडलं का काय. किती दिवसाची भ्याली होती मी. आन् हे तुमचे धंदे." त्या हसायला लागल्या. हसता हसता रडल्या, आणि सगळ्यांसमोर काकांच्या पाठीत एक गुद्दा घातला. मग काकांनी मंगळसूत्र त्यांच्या गळ्यात घातलं.

बायका गेल्यावर मी फाटकापाशी काकांना गाठलं. तुम्हाला माहीत होतं, मी विचारलं. पहिल्या दिवसापासून, ते म्हणाले. विसरण्याचा आजार आहे, वाढत जाणार, असं नागपूरच्या डॉक्टरने सांगितलं होतं. काकूंना नाही, फक्त काकांना.

"केस सोडवली असती तर तिले समजलं असतं," ते म्हणाले. "ते भेते तवा मले पाहवत नाही, भाऊ. मले चोर म्हना, ठग म्हना, चालते."

मला इतकी शरम वाटली की अंगावरचा बदललेला शर्ट काढून टाकावासा वाटला. मी तसं काहीतरी बोललोही. काका म्हणाले की सोबती असाच लागतो, आणि माझी नोकरी कायम ठेवली.

त्यानंतर घराची रीतच बदलली. काही सापडलं नाही की काकू बिनधास्त हाक मारायच्या, "अहो चोर, माहा पोळपाट कुठी हाय?" काका वाचत असतील तिथून उठायचे, गुपचूप घर धुंडाळायचे, आणि वस्तू सापडली की मान खाली घालून समोर धरायचे. काकू रागवायच्या, सुधरा म्हणायच्या. कॉलोनीत काकांची चोर म्हणून चांगलीच ख्याती झाली. खेडकर वहिनी त्यांना पाहून पर्स काखेत दाबायच्या.

पुढच्या उन्हाळ्यात एकदा मी खाली चहाला बसलो होतो. काकू मला त्यांच्या लहानपणीच्या संत्र्याच्या बागेबद्दल सांगत होत्या. बोलता बोलता थांबल्या. माहेरच्या गावाचं नाव त्यांना आठवेना. त्यांनी छताकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, कप खाली ठेवला. मी चहात तोंड घातलं. मग त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला आणि त्या काकांकडे वळल्या.

"गावाचं नाव बी तुमीच लपवलं ना?"

काकांनी पुस्तक मिटलं.

"हो, मीच," ते म्हणाले. "मोर्शी. घे."